माहितीपत्रक: आधी कागदाची घडी, मग संगणक

माहितीपत्रक करून घ्यायला आलेला माणूस खुर्चीत बसला की बहुतेकदा रंगांपासून सुरुवात करतो. लोगो निळा आहे, मग मागे कुठला रंग घ्यायचा, कागद चकचकीत बरा की मॅट. मी तेव्हा त्याच्यापुढे एक कोरा ए-फोर कागद ठेवते आणि त्याला दोन घड्या घालायला सांगते. घडी घातलेला कागद हातात आला की प्रश्न आपोआप बदलतात. हे आधी कोणाच्या हातात पडणार? पहिली घडी उघडली की समोर काय येणार? पालथं पडलं तर कुठली बाजू वर असेल?

माहितीपत्रक उलगडत जातं. वाचणाऱ्याला ते एकदम सगळं दिसत नाही, एकेक बाजू दिसते. त्यामुळे मजकूर, फोटो, रंग हे सगळं उलगडण्याच्या क्रमाने ठरवायचं असतं. तो क्रम न ठरवता थेट संगणकावर बसलं की देखणं पण निरुपयोगी पत्रक तयार होतं. पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण घेतलं आहे: घरांची गळती आणि ओल थांबवणारा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय. तुमचा व्यवसाय वेगळा असला तरी पायऱ्या याच क्रमाने जातील.

## कोण देणार, कोणाला, कुठल्या क्षणी

वहीत चार वाक्यं लिहा. हे पत्रक कोण देणार? कोणाला? कुठल्या क्षणी? आणि वाचून झाल्यावर त्या माणसाने नेमकं काय करावं अशी आपली इच्छा आहे?

वॉटरप्रूफिंगवाल्याचं पत्रक तीन वेगळ्या प्रसंगी दिलं जाऊ शकतं. पाहणीला आलेला माणूस घर बघून निघताना ते हातात ठेवतो. प्रदर्शनातल्या स्टॉलवर ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिलं जातं. किंवा एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात ते स्टँडमध्ये उभं असतं. पहिल्या प्रसंगातल्या ग्राहकाला तुम्ही कोण हे कळलेलं असतं. त्याच्या डोक्यात असतं ते एवढंच की घर किती दिवस अस्ताव्यस्त राहणार, हमी कशाची, आणि घरातल्या बाकीच्यांना हे कसं पटवून सांगायचं. स्टॉलवरच्या माणसाला तुमचं नावही माहीत नसतं आणि त्याच्या हातातल्या पिशवीत आणखी वीस पत्रकं असतात. स्टँडमधल्या पत्रकाचा तर फक्त वरचा एक तृतीयांश भाग दिसतो, बाकीचा पुढच्या पत्रकाच्या मागे दडलेला असतो.

ही तीन पत्रकं एकसारखी असू शकत नाहीत. एकच छापायचं असेल तर सगळ्यात जास्त कामं ज्या प्रसंगातून येतात तो धरा आणि बाकीचे दोन सोडून द्या. हा निर्णय जड जातो, मला माहीत आहे. पण सगळ्यांसाठी केलेल्या पत्रकात प्रत्येकाला आपल्या कामाच्या दोनच ओळी सापडतात, आणि त्याही शोधाव्या लागतात.

चौथ्या वाक्याचं उत्तर एकच असायला हवं. फोन करावा, किंवा पाहणीची वेळ ठरवावी, किंवा दुकानात यावं. "फोन करा, वेबसाइट बघा, सोशल मीडियावर फॉलो करा, मित्रांना सांगा" अशी चार कामं सांगितली की माणूस एकही करत नाही.

## मजकूर: फोन उचलणाऱ्याकडे जा

मालकाला व्यवसायाबद्दल सगळं माहीत असतं, आणि नेमकं म्हणूनच ग्राहकाला काय माहीत नसतं हे त्याच्या लक्षात येत नाही. ते माहीत असतं फोन उचलणाऱ्याला. त्याच्यापाशी अर्धा तास बसा. ग्राहक पहिलं वाक्य काय बोलतात, कुठल्या शब्दांत बोलतात, पैसे विचारायच्या आधी काय विचारतात, कुठे अडून बसतात, हे सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या. फोनवर कोणी "आर्द्रतेची समस्या आहे" असं म्हणत नाही. "भिंतीला ओल आलीये, रंगाचे पोपडे निघताहेत" असं म्हणतात. पत्रकात हीच भाषा यायला हवी, कारण वाचणारा आपली अडचण आपल्याच शब्दांत लिहिलेली दिसली की थांबतो.

मुखपृष्ठावरच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. नेहमी येणारा पहिला मसुदा असा असतो: "गुणवत्ता, विश्वास आणि सेवा यांचा संगम". या ओळीखाली दवाखान्याचं नाव घाला, टायरच्या दुकानाचं घाला, शिकवणीचं घाला. ती सगळीकडे बसते. जी ओळ सगळीकडे बसते ती तुमची नाही, खोडून टाका.

मग लिहायचं काय? व्यवसायातलं असं काही शोधा जे तुम्हाला रोजचं आहे पण ग्राहकाला नवं आहे. वॉटरप्रूफिंगमधली एक साधी गोष्ट घ्या. छतावर डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी शिरत असेल असं नाही. पाणी गच्चीवर एका भेगेतून आत जातं, स्लॅबमधून उतार मिळेल तसं सरकतं आणि भलतीकडेच ठिबकतं. घरमालक डागावर पुन्हा पुन्हा रंग मारत राहतो. या धंद्यातल्या माणसाला हे सांगण्यासारखंसुद्धा वाटत नाही, आणि मुखपृष्ठावरची ओळ नेमकी तिथेच आहे: "डाग इथे दिसतोय. पाणी शिरतंय दुसरीकडून." ही ओळ दुसऱ्या कुठल्याच व्यवसायाच्या पत्रकावर बसणार नाही. शिवाय वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो, मग कुठून? घडी उघडायला एवढं पुरतं.

आतल्या मजकुराचं सूत्र सोपं आहे. आपण काय करतो हे सांगून थांबू नका, त्याचा ग्राहकाच्या दिवसावर काय परिणाम होतो ते लिहा. "अत्याधुनिक तंत्रज्ञान" हे शब्द काढा आणि तिथे लिहा की पहिल्या दिवशी कोण येतं, काय हलवावं लागतं, गच्ची किती दिवस वापरता येणार नाही, काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून गळती थांबल्याची खात्री घरमालकासमोर कशी केली जाते. ही पाणी साठवून बघण्याची चाचणी दहा विशेषणांपेक्षा जास्त विश्वास देते, कारण ती ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. तुमच्या व्यवसायातही असं काहीतरी असेल जे ग्राहकासमोर सिद्ध करता येतं. ते शोधून पत्रकाच्या मध्यभागी ठेवा.

ग्राहकांचे अभिप्राय घेणार असाल तर विचारून, लेखी परवानगी घेऊन, आणि त्यांच्याच बोलण्यातले घ्या. "अतिशय उत्तम सेवा" असला अभिप्राय छापून जागा वाया जाते. "दोन पावसाळे झाले, भिंत कोरडी आहे" हे एकच वाक्य पुरतं, अर्थात ते खरंच कोणी म्हटलेलं असेल तर. आकडे द्यायचे तर दाखवता येतील तेवढेच द्या.

दोन घड्यांच्या पत्रकात सगळा मिळून साधारण साडेतीनशे ते चारशे शब्दांचा मजकूर मोकळा बसतो. त्याच्या पुढे गेलात की अक्षरं लहान करावी लागतात, आणि अक्षरं लहान झाली की वाचणं थांबतं. मजकूर संपूर्ण झाल्याशिवाय, मोठ्याने वाचून तपासल्याशिवाय डिझाइनला हात लावू नका. "मजकूर नंतर टाकू, आधी लेआउट दाखवा" असं पत्रक करून घ्यायला आलेला कोणी म्हणाला की मी त्याला प्रेमाने थांबवते.

## आता कागद घ्या: घडीचं गणित

ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. आडवा धरून त्याचे तीन भाग केले की सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माहितीपत्रक तयार होतं: दोन घड्या, सहा बाजू. घडी घालायच्या दोन पद्धती आहेत. एकीत एक भाग आत दुमडला जातो आणि दुसरा त्यावर येतो. दुसरीत कागद पंख्यासारखा मागेपुढे दुमडतो.

पंख्याच्या घडीत तिन्ही भाग सारखे, ९९ मिलिमीटरचे. आत दुमडणाऱ्या घडीत मात्र आतला भाग थोडा अरुंद ठेवावा लागतो, म्हणजे १०० + १०० + ९७. हे दोन-तीन मिलिमीटर सोडले नाहीत तर आतली कड घडीला टेकते, कागद फुगतो आणि पत्रक कधीच सपाट बंद होत नाही.

यात एक खाच आहे, आणि तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. बाहेरची बाजू समोर धरली तर डावीकडून क्रम असतो ९७, १००, १००. आतली बाजू समोर धरली की तो उलटा होतो: १००, १००, ९७. सुरुवातीच्या काळात मी दोन्ही पानांना एकाच मापाच्या रेघा आखून फाइल दिली होती. स्क्रीनवर सगळं नीट दिसत होतं. छापून, घडी होऊन आलं तेव्हा मागच्या बाजूच्या गडद पट्ट्याची तीन मिलिमीटरची कड मुखपृष्ठावर डोकावत होती, प्रत्येक प्रतीवर. छापखान्याची काहीच चूक नव्हती. त्या दिवसापासून मी फाइल पाठवायच्या आधी दोन्ही पानं साध्या प्रिंटरवर मूळ मापात छापते, पाठीला पाठ लावून चिकटवते, कापते आणि हाताने घडी घालून बघते.

अशी नमुना घडी, म्हणजे डमी, तयार झाली की पेन घेऊन प्रत्येक भागावर आकडा टाका. आत दुमडणाऱ्या घडीत वाचणाऱ्याला भाग या क्रमाने दिसतात. आधी मुखपृष्ठ. ते डावीकडे उघडलं की डाव्या हाताला मुखपृष्ठाची आतली बाजू, आणि उजव्या हाताला आत दुमडलेल्या भागाची पाठ. मग तो भाग उघडला की आतले तिन्ही भाग एकत्र. सगळ्यात शेवटी, पत्रक बंद करून उलटं केलं की मागची बाजू.

आत दुमडलेल्या भागाची ती पाठ फार मोलाची जागा आहे. मुखपृष्ठ उघडल्या उघडल्या नजर तिथे जाते. लोक तिथे "आमच्याविषयी" टाकतात, संस्थापकांचा फोटो टाकतात. मी तिथे मुखपृष्ठावरच्या प्रश्नाचा पुढचा धागा ठेवते. आपल्या उदाहरणात तिथे एक छोटं चित्र येईल: गच्चीवरची भेग, स्लॅबमधून सरकणारं पाणी आणि खोलीतला डाग. खाली तीन ओळी. मग आतल्या मोठ्या पसरट जागेत कामाच्या पायऱ्या, डावीकडून उजवीकडे. तिथे तीन भाग म्हणजे तीन वेगळे डबे असं समजू नका. सगळं उघडल्यावर ती एक सलग २९७ मिलिमीटरची जागा आहे, तिच्यावर एक मोठं चित्र पसरू शकतं. फक्त घडीच्या रेषेवर माणसाचा चेहरा किंवा मजकुराची ओळ येऊ देऊ नका. घडीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे सोडा.

मागच्या बाजूला संपर्क, पत्ता, वेळा आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीचा महिना-वर्ष. दोन वर्षांनी कोणी जुनं पत्रक घेऊन आला तर त्यातली माहिती कुठल्या काळातली हे एका नजरेत कळतं.

मजकूर यापेक्षा जास्त असेल तर पुस्तिका करावी लागेल. मध्यभागी पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच होतात: आठ, बारा, सोळा. दहा पानांचा मजकूर असेल तर तो आठवर आणा. बाराला ताणून नेलेली पुस्तिका लगेच ओळखू येते.

## देवनागरी अक्षरांची वेगळी काळजी

डिझाइनचे बरेचसे नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. ते मराठी मजकुराला तसेच लावले की घोळ होतो.

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणजे एकाच ओळीत तीन मजले. रोमन मजकूर ९ पॉइंटला वाचता येतो, मराठी त्याच आकारात गुदमरतो. मूळ मजकूर ११ ते १२ पॉइंट ठेवा, वयस्क वाचकांसाठी १३. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट द्या, म्हणजे १२ पॉइंटला १७-१८. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका. रोमन अक्षरांत मोकळीक दिली की शीर्षक ऐटबाज दिसतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरकं अक्षरही टाळा. देवनागरीला तिरक्या अक्षराची मूळची परंपरा नाही, संगणक अक्षर नुसतं एका बाजूला ढकलतो. भर द्यायचा असेल तर त्याच फॉन्टचं जाड वळण वापरा किंवा रंग बदला. जाड वळण फॉन्टमध्येच असायला हवं. सॉफ्टवेअरने कृत्रिम जाड केलेल्या अक्षरांत "ध" आणि "घ" यांच्या पोकळ्या भरून जातात.

मजकूर दोन्ही कडांना सारखा ताणू नका. मराठी शब्द लांब, पॅनेल, म्हणजे घडीचा एकेक भाग, अरुंद, आणि आपण शब्द तोडून पुढच्या ओळीत नेत नाही. परिणामी शब्दांमध्ये मोठाली भगदाडं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी, हेच बरं.

फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहील असा. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी, नोटो हे फुकट मिळणारे आणि छपाईला चांगले उतरणारे फॉन्ट आहेत. मजकुराला एक आणि शीर्षकाला एक, एवढे दोन पुरतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी त्यातली सोय, लावायला विसरू नका. नाहीतर जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर रूपांतर करून घेतला असेल तर तो अक्षर न् अक्षर वाचा. रफार आणि "श्र", "द्ध", "ट्र" यांवर विशेष नजर ठेवा, रूपांतरात पहिला मार त्यांनाच बसतो.

## फोटो आणि रंग

एक मोठा चांगला फोटो सहा लहान फोटोंपेक्षा जास्त बोलतो. आपल्या उदाहरणात हसरं कुटुंब आणि चकचकीत घर नको. पोपडे निघालेल्या भिंतीचा जवळून घेतलेला फोटो हवा, किंवा भेगेवर बोट ठेवून ती दाखवणारा हात. विकत घेतलेले तयार फोटो वापरणं गैर नाही, परवाना असला म्हणजे झालं. पण तेच हसरे चेहरे दुसऱ्या कोणाच्या पत्रकावरही दिसतात, आणि कामाचा पुरावा म्हणून ते टाकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. स्वतःच्या कामाचा साधा, दिवसाच्या उजेडातला फोटो बरा. तो कोणाच्या घरात काढला असेल तर त्यांची परवानगी घ्या.

छपाईला फोटोचं रिझोल्यूशन ३०० लागतं, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल. हिशोब सोपा आहे: १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो कागदावर ४ इंच, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर रुंद छापता येतो. तो एक पॅनेल झाला. सगळ्या ए-फोरवर पसरायचा असेल तर ३५०८ × २४८० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसून येतं, त्यामुळे ते डॉक्युमेंट म्हणून मागवा. स्क्रीनवर छान दिसतो म्हणून छपाईत छान येईल असं कधीही धरून चालू नका.

फोटोखाली ओळ लिहा. मजकूर न वाचणारी माणसंही फोटोखालची ओळ वाचतात. "आमचे काम" लिहून ती संधी घालवू नका. "भेग इथे, डाग खालच्या खोलीत" असं लिहा.

रंगांबद्दल थोडंच, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. लोगोचा एक रंग, त्याला साथ देणारा एक, आणि मजकुराला काळा. स्क्रीनचे रंग प्रकाशाचे, छपाईचे रंग चार शाईंचे: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. झगझगीत हिरवा, केशरी आणि विजेसारखा निळा हे स्क्रीनवरचे रंग कागदावर मलूल पडतात. म्हणून फाइल सुरुवातीपासूनच सीएमवायके मध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगपद्धतीत, करा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाईंनी मिळून केलेल्या काळ्यात एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर जरी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं देवनागरीत शक्यतो नकोतच, कारण शाई पसरून मात्रा बुजतात.

## संपर्क आणि क्यूआर कोड

फोन नंबर मोठा, गट पाडून आणि एकच. शेजारी वेळ लिहा, म्हणजे केव्हा उचलला जाईल ते. "संपर्क साधा" यापेक्षा "पाहणीची वेळ ठरवण्यासाठी फोन करा" हे वाक्य बरं, फोन केल्यावर काय होणार हे त्यात कळतं.

क्यूआर कोड किमान २ सेंटिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीवर गडद रंगात. त्याच्या चारही बाजूंना कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी रिकामी जागा लागते, तिच्यात चित्र किंवा रेघ शिरली की फोनला कोड ओळखता येत नाही. कोड घडीवर नको. खाली लिहा की स्कॅन केल्यावर काय मिळेल. आणि कोड वेबसाइटच्या पहिल्या पानावर नेऊन सोडू नका, फक्त या पत्रकासाठी केलेल्या पानावर न्या. पत्रकातून किती लोक आले हे त्यामुळे मोजताही येतं. पुढे तो पत्ता बदलण्याची शक्यता असेल तर कोडमध्ये स्वतःच्या वेबसाइटवरचा छोटा पत्ता टाका, म्हणजे पत्रकं छापलेली असली तरी तो कुठे पोचवायचा हे नंतर बदलता येतं.

## छापखान्यात जाण्याआधी आणि गेल्यावर

डिझाइन सुरू करायच्या आधीच छापखान्याला एक फोन करा. कुठली मापं कागद वाया न जाता बसतात, घडी मशीनवर होते की हाताने, फाइल कशी हवी, हे विचारून घ्या. प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला प्रत्येक शाईची वेगळी प्लेट करावी लागते, तो खर्च पाच प्रती काढा की पाच हजार, तेवढाच असतो. म्हणून प्रती वाढतील तसा ऑफसेटमध्ये प्रत्येक प्रतीचा खर्च उतरत जातो. पण स्वस्त पडतात म्हणून गरजेपेक्षा दुप्पट छापून घेऊ नका. पत्ता किंवा सेवा बदलली की उरलेले गठ्ठे रद्दीत जातात.

कागदाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग, तेव्हा १७० जीएसएमचं एक पत्रक साधारण साडेदहा ग्रॅमचं होतं. टपालाने पाठवणार असाल तर हा हिशोब आधीच करा. दोन घड्यांच्या पत्रकाला १३० ते १७० जीएसएम ठीक. त्याहून जाड कागदाला घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घ्यावंच लागतं, नाहीतर घडीवर शाई तडकते. गडद रंग घडीवरून जात असेल तर १७० लाही क्रीझिंग करा. कागदाला धाग्यांची दिशा असते. घडी त्या दिशेने आली तर स्वच्छ बसते, आडवी आली तर फाटल्यासारखी दिसते. हे छापखान्याला ठाऊक असतं, तुम्ही फक्त आठवण करून द्या.

चकचकीत आर्ट पेपरवर फोटो उठून दिसतात, पण दिव्याखाली मजकूर चमकतो. लांब मजकूर असेल तर मॅट बरा. ग्राहक त्यावर काही लिहिणार असेल, भेटीची तारीख किंवा माप, तर तो भाग लॅमिनेशन न केलेला ठेवा, पेन चालत नाही.

फाइलमध्ये चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड द्या, म्हणजे रंग आणि चित्र कापाच्या रेषेबाहेर तेवढं वाढवा. आडव्या ए-फोरची फाइल ३०३ × २१६ मिलिमीटरची होईल. कापताना ब्लेड थोडं इकडेतिकडे झालं तरी कडेला पांढरी रेघ येत नाही. मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत. छपाईची पीडीएफ करताना फॉन्ट आत गुंफलेले आहेत ना ते तपासा. शंका असेल तर अक्षरांचं रेखाटनात रूपांतर करा, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. रेखाटन झालेल्या अक्षरात एक काना बदलायचा असला तरी सगळी ओळ पुन्हा करावी लागते.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, कागदावरच मागा. ते हातात आलं की फोन घ्या आणि प्रूफवरचा नंबर बघून फिरवा, पाठ असलेला नंबर फिरवू नका. क्यूआर कोड कागदावरून स्कॅन करा, जुन्या फोनवरही. मुद्रितशोधन अशा माणसाकडून करून घ्या ज्याने हा मजकूर आधी वाचलेला नाही. मोठ्या अक्षरातल्या शीर्षकांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, चुका तिथे लपतात.

## कोणाच्या तरी हातात देऊन बघा

प्रूफची एक प्रत घडी घालून, तुमच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाला द्या आणि गप्प बसा. तो काय बोलतो याहून त्याचे हात बघा. कुठली बाजू आधी उघडली? कुठे थांबला? उलटं कधी केलं? अर्ध्या मिनिटाने पत्रक परत घ्या आणि दोनच प्रश्न विचारा: "हे लोक काय करतात?" आणि "आता तुम्हाला काय करावंसं वाटतंय?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर मागच्या बाजूवर काम बाकी आहे. "छान आहे, रंग आवडला" हे उत्तर आलं तर मुखपृष्ठावरची ओळ पुन्हा लिहा. असं तीन-चार माणसांबरोबर करा.

याच वेळी फोनवर पाठवायची प्रतही तयार करून घ्या. छपाईची पीडीएफ तशीच पाठवली तर आत दुमडणाऱ्या घडीमुळे फोनवर आधी आत दुमडलेल्या भागाची पाठ, मग मागची बाजू आणि शेवटी मुखपृष्ठ दिसतं, तेही आडवं आणि बारीक. सहाही भाग वेगळे कापून, वाचण्याच्या क्रमाने, एकेक उभं पान अशी दुसरी पीडीएफ करा. अक्षरं थोडी मोठी करा, फोन नंबरला आणि क्यूआरच्या जागी थेट लिंक द्या.

छापून आलेले गठ्ठे घेताना वरची प्रत बघून सही करू नका. प्रत्येक गठ्ठ्याच्या मधली एक प्रत ओढून काढा, घडी आणि काप तपासा. मग दोन प्रती बाजूला ठेवा. एक मूळ फाइल, फोटो आणि फॉन्टसोबत जपून ठेवायची. दुसरी फोन उचलणाऱ्याच्या टेबलावर, पेनासकट. पत्रक वाचून फोन करणारा जो प्रश्न विचारेल तो त्याने त्या-त्या जागी समासात लिहून ठेवायचा. पुढची आवृत्ती काढायची वेळ येते तेव्हा मी आधी ती खरडलेली प्रत मागवते.